ट्रेलरसाठी ब्रेक कंट्रोलर निवडताना: अमेरिकेत पहिल्यांदा कॅम्पर ओढणाऱ्यांसाठी

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे राहायची सोय असलेला कॅम्पर, पसंत पडतो, गाडीमागे तो जोडायचा हिच बसवून होतो, कर्जाच्या कागदांवर सह्या होतात आणि मग विक्रेता विचारतो, "गाडीत ब्रेक कंट्रोलर आहे ना?" अमेरिकेत पहिल्यांदा कॅम्पर घेणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींची या वस्तूशी ओळख अशी ऐनवेळी होते. मग घाईघाईत दुकानात जो समोर असेल तो डबा बसवून घेतला जातो. डबा वाईट असतो असं नाही, पण निवडीचा क्रमच उलटा होतो. आधी ट्रेलरचे ब्रेक कोणते ते बघा, मग आपल्या गाडीत वायरिंग काय आहे ते बघा, आणि कंट्रोलर सगळ्यात शेवटी निवडा. या क्रमाने गेलात तर निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात.

हा कंट्रोलर नेमकं करतो काय? गाडीचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. तो दाब मागच्या ट्रेलरपर्यंत जात नाही. कॅम्परच्या चाकात बहुतेक वेळा विजेवर चालणारे ड्रम ब्रेक असतात. ड्रमच्या आत प्रत्येक चाकाला एक विद्युतचुंबक असतो. वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमच्या सपाट पृष्ठभागाला चिकटतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो आणि त्या ओढीने एक दांडा फिरून लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, बाहेर दाबले जातात. वीज जास्त तर पकड जास्त. तुम्ही पेडल दाबलं की मागे किती वीज सोडायची आणि कधी सोडायची, एवढंच कंट्रोलर ठरवतो. पण या "किती" आणि "कधी" मध्येच सगळा फरक आहे. साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या उतारावर ट्रॅक्टरला मागून कशा रेटतात ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना बिनब्रेकचा ट्रेलर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. इथे तर तो रेटा हायवेच्या वेगाने येतो.

पहिलं काम: ट्रेलरच्या चाकामागे डोकावा

ट्रेलरच्या एखाद्या चाकामागे वाकून बघा. ब्रेकच्या पत्र्यातून दोन बारीक वायरी आत जाताना दिसल्या तर ब्रेक विजेचे आहेत आणि तुम्हाला कंट्रोलर लागणारच.

वायरी नसतील आणि पुढचा कपलर, म्हणजे हिचवर बसणारा भाग, थोडा मागेपुढे सरकणारा असेल, त्यावर ब्रेक ऑइलची टाकी असेल, तर ते सर्ज ब्रेक. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकतो, त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. बोटींचे ट्रेलर बहुधा असे असतात, यू-हॉलचे भाड्याचे मोठे ट्रेलरही असेच. त्यांना कंट्रोलर लागत नाही. घर बदलताना एकदाच यू-हॉल ओढायचा असेल तर या लेखातला पुढचा खर्च करू नका.

तिसरा प्रकार थोड्या महागड्या ट्रेलरवर दिसतो. चाकाला डिस्क ब्रेक, आणि ट्रेलरवरच एक विजेचा पंप जो तेलाचा दाब तयार करतो. याला इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक म्हणतात. याच्यासाठी कंट्रोलरमध्ये तशी वेगळी सोय असावी लागते आणि ती सेटिंगमध्ये चालू करावी लागते. टेकोन्शा कंपनीच्या प्रॉडिजी पी-३ या कंट्रोलरमध्ये ती आहे, स्वस्तातल्या कित्येकांत नाही. विकत घेण्याआधी खोक्यावर हे वाचाच.

आणि चाकात ब्रेकच नसतील तर? मग वजन बघा. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, पण सगळीकडे सारखं नाही. टेक्सासमध्ये ही मर्यादा ४,५०० पौंड आहे, तर कॅलिफोर्नियात राहण्याच्या, म्हणजे कॅम्पिंगच्या, ट्रेलरला १,५०० पौंडांपासूनच ब्रेक लागतात. कायद्याखेरीज आपल्या गाडीचं मॅन्युअलही उघडा. काही गाड्यांचे उत्पादक १,००० पौंडांपुढेच ट्रेलरला ब्रेक हवेत असं सांगतात, आणि गाडी कशी थांबते हे त्यांना राज्याच्या कायद्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

वजन बघताना जाहिरातीतलं रिकामं वजन धरू नका. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे एक स्टिकर असतो, त्यावरचा जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे पूर्ण भरल्यावरचं कमाल वजन, तो आकडा धरा. पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंडांचा. चाळीस गॅलनची टाकी भरली की तिथेच सव्वातीनशे पौंडांच्या वर गेलात, त्यात गॅसच्या टाक्या, बॅटरी, खुर्च्या, कुकर, डाळ-तांदूळ. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे मोठे वजनकाटे असतात. थोड्या डॉलरांत भरलेल्या ट्रेलरचं खरं वजन हातात मिळतं. पहिल्या सहलीआधी तेवढं नक्की करा.

दुसरं काम: गाडीत काय आहे ते शोधा

स्टिअरिंगच्या उजवीकडे डॅशवर उणे-अधिकची बटणं आणि चिमटीत धरता येईल असा छोटा खटका दिसतो का? एफ-१५०, सिल्व्हराडो, रॅम अशा पिकअपमध्ये कंपनीचाच कंट्रोलर बसवलेला असू शकतो. असेल तर शोध इथेच थांबवा. फोर्ड आणि जीएमच्या अशा कंट्रोलरना गाडीच्या ब्रेकमधला तेलाचा दाब थेट कळतो. गाडी मंद होण्याची वाट न बघता ते ट्रेलरला वीज सोडतात. बाहेरून आणलेला कोणताही डबा याच्या तोडीला सहज येत नाही. मात्र हा बहुतेकदा पर्यायी भाग असतो. वापरलेली पिकअप घेत असाल तर विक्रेत्याच्या बोलण्यावर न जाता खटका स्वतः बघा.

आता मागच्या बंपरखाली बघा. चपटा चार पिनांचा प्लग असेल तर त्यात फक्त दिवे आहेत: टेललाइट, डावा-उजवा इंडिकेटर आणि ग्राउंड. ब्रेकसाठी गोल सात पिनांचं सॉकेट लागतं. इथे नवीन माणसं दोन ठिकाणी फसतात. एक, मागे सात पिनांचं सॉकेट आहे म्हणजे पुढे कंट्रोलर आहे असं समजतात. तसं नसतं. कित्येक एसयूव्हींत सॉकेट असतं, ब्रेकची निळी वायर डॅशखालपर्यंत आलेलीही असते, पण तिथे ती मोकळी असते. दोन, दुकानातून चाराचे सात करणारा अडॅप्टर आणून लावतात. दिवे लागतात, प्लग घट्ट बसतो, आणि ब्रेकच्या पिनेत काहीच नसतं. ही चूक सगळ्यात धोक्याची, कारण सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं.

आपल्या लोकांत टोयोटा हायलँडर आणि होंडा पायलट पुष्कळ दिसतात. या गाड्या योग्य इंजिन आणि टोइंगच्या तयारीसह ५,००० पौंडांपर्यंत ओढतात. हायलँडर हायब्रिड असेल तर मर्यादा ३,५०० पौंड. कंट्रोलर कितीही चांगला आणला तरी हा आकडा वाढत नाही, हे मनाशी पक्कं ठेवा.

टोइंगची तयारी असलेल्या बऱ्याच गाड्यांत डॅशखाली कंट्रोलरसाठी तयार प्लग दिलेला असतो. त्या गाडीच्या मॉडेलचा आणि कंट्रोलरच्या कंपनीचा जोड-हार्नेस मिळतो. एक टोक गाडीत, एक टोक कंट्रोलरमध्ये, काम झालं. घरी पंधरा-वीस मिनिटांत होण्यासारखं आहे.

तयार प्लग नसेल तर चार वायरींचं काम आहे. पांढरी ग्राउंड. काळी बॅटरीच्या अधिक टोकाकडे. निळी मागच्या सॉकेटमधल्या ब्रेकच्या पिनेकडे. आणि लाल ब्रेकलाइटच्या स्विचकडे. काळी वायर फ्यूजबॉक्समधल्या कुठल्यातरी मोकळ्या जागेत खुपसू नका. ती थेट बॅटरीपर्यंत न्या आणि बॅटरीजवळ आपोआप पूर्ववत होणारा सर्किट ब्रेकर टाका. एक-दोन आसांच्या (ॲक्सलच्या) ट्रेलरला २० अँपिअरचा, तीन किंवा जास्त आसांच्या ट्रेलरला ३० अँपिअरचा. प्रत्येक चुंबक साधारण ३ अँपिअर घेतो, म्हणजे दोन आसांच्या, चार चाकांच्या ट्रेलरला पूर्ण ब्रेक लावला की १२ अँपिअर खेचले जातात. वायर बारीक असेल तर हा प्रवाह मागे पोचेपर्यंत विजेचा दाब (व्होल्टेज) गळतो आणि ब्रेक ढिले लागतात. निळी आणि काळी वायर १० किंवा १२ गेजची, जाड तांब्याचीच घ्या.

लाल वायर जोडताना सगळ्यात जास्त काळजी घ्या. ब्रेक पेडलच्या दांड्याजवळ वर एक छोटा स्विच असतो. त्यातून निघणाऱ्या वायरींपैकी एकीत कायम १२ व्होल्ट असतात आणि दुसरीत फक्त पेडल दाबल्यावर येतात. आपल्याला दुसरी हवी. टेस्टर लावा, पेडल न दाबता बघा, मग घरातल्या कुणालातरी पेडल दाबायला सांगून बघा. चुकून पहिलीला जोडलं तर पाय पेडलवर नसतानाही कंट्रोलर ब्रेक लागलेलाच समजेल. नवीन गाड्यांत हा स्विच संगणकाशी बोलतो आणि हवी तशी साधी १२ व्होल्टची वायर तिथे मिळतेच असं नाही. तुमची गाडी तशी असेल तर हिच बसवणाऱ्या चांगल्या दुकानात द्या. तिथले दीड-दोनशे डॉलर वाचवण्यात शहाणपण नाही.

आता कंट्रोलर

मुख्य फाटा एकच. काही कंट्रोलर वेळेवर चालतात, काही प्रमाणावर.

वेळेवर चालणारा, ज्याला टाइम-डिले म्हणतात, तो पेडल दाबल्यावर ठरलेल्या गतीने वीज वाढवत नेतो. तुम्ही सिग्नलवर हळूच थांबताय की समोर हरीण आलंय म्हणून करकचून दाबलंय, त्याला दोन्ही सारखंच. त्यामुळे ट्रॅफिकमध्ये रांगताना तो गरजेपेक्षा जोरात ओढतो, आणि संकटाच्या वेळी ट्रेलर एक क्षण मागून ढकलत राहतो. प्रमाणात चालणाऱ्यात, म्हणजे प्रपोर्शनलमध्ये, गाडी किती वेगाने मंदावते आहे हे मोजणारा सेन्सर असतो. गाडी जितकी जोरात थांबते तितका ट्रेलरही थांबतो. पूर्वीच्या काहींत लोलक असे आणि तो हाताने समपातळीवर लावावा लागे, आता बहुतेकांत इलेक्ट्रॉनिक सेन्सर आहे.

माझं मत स्पष्ट आहे: मुलाबाळांना घेऊन कॅम्पर ओढणार असाल तर प्रपोर्शनलच घ्या. टाइम-डिले साधारण पन्नास-साठ डॉलरपासून मिळतो, चांगला प्रपोर्शनल दीडशे-दोनशेच्या घरात. ट्रेलरच्या किमतीपुढे हा फरक काहीच नाही. गवत कापायचं यंत्र घेऊन सपाट गावात दोन मैल जाणाऱ्याला टाइम-डिले पुरतो, तुम्हाला नाही.

प्रपोर्शनलमध्ये पुन्हा बसवण्याच्या पद्धती वेगळ्या. प्रॉडिजी पी-२ आणि पी-३ डॅशखाली बसणारे, भरवशाचे डबे आहेत. पी-३ ला वाचायला सोपा पडदा आहे आणि वेगवेगळ्या ट्रेलरच्या सेटिंग साठवता येतात. पी-२ मध्ये ती हौस नाही, ब्रेक मात्र तितकेच चांगले लावतो. ऑस्ट्रेलियातल्या रेडार्क कंपनीचा टो-प्रो एलिट डॅशच्या आत कुठेही लपवता येतो आणि बाहेर फक्त एक फिरवायचं बटण राहतं. डॅशवर जागा नसेल तर तो बघा.

बिनतारी प्रकारही आहे. कर्ट कंपनीचा इको सात पिनांच्या सॉकेटमध्ये मागेच बसतो आणि फोनवरून सेट होतो. लीजची गाडी असेल, डॅशला भोक पाडायचं नसेल, किंवा घरातल्या दोन गाड्यांनी एकच ट्रेलर ओढायचा असेल तर तो सोयीचा. पण गाडीला सात पिनांचं सॉकेट आधी असावं लागतं, आणि हाताने ट्रेलरचे ब्रेक लावायचं बटण फोनच्या पडद्यावर येतं. मला हे दुसरं पटत नाही, आणि त्याचं कारण नीट सांगतो.

डॅशवरच्या कंट्रोलरला हाताने दाबायचा एक खटका असतो. तो फक्त ट्रेलरचे ब्रेक लावतो, गाडीचे नाही. बाजूने मोठा ट्रक जोरात गेला, आडवा वारा आला, किंवा सामान मागच्या बाजूला जास्त भरलं गेलं, की ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबणं ही पहिली ऊर्मी असते आणि तीच घातक. पुढची गाडी मंदावते, मागचा ट्रेलर तिला ढकलतो, झोका वाढतो. करायचं ते असं: ॲक्सिलरेटरवरून पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, उलटसुलट फिरवू नका, आणि तो खटका दाबा. ट्रेलर मागून ताणला जातो आणि सरळ रेषेत येतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत करायचं असतं. त्या वेळी फोन अनलॉक करून पडद्यावरचं बटण शोधणं मला शक्य वाटत नाही. खटका न बघता उजव्या हाताला सापडला पाहिजे.

म्हणून बसवण्याची जागा विचाराने ठरवा. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, डोळे रस्त्यावर ठेवून उजवा हात खाली न्या, तो जिथे सहज थांबतो तिथे डबा असावा. त्याच वेळी गुडघ्यासमोरची एअरबॅग कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. कित्येक गाड्यांत ती नेमकी तिथेच असते. तिच्यावर स्क्रू मारू नका आणि तिच्या वाटेत डबा येऊ देऊ नका. सेन्सर असलेला डबा घट्ट आणि गाडीच्या दिशेला सरळ बसला पाहिजे. दोन बाजूंच्या टेपने चिकटवलेला डबा हलतो आणि सेन्सर चुकीचं मोजतो.

बसवल्यावर सेटिंग

हे करायला रविवारची सकाळ आणि एखादं मोठं रिकामं पार्किंग शोधा. रस्ता कोरडा आणि सपाट हवा, ट्रेलर सहलीइतका भरलेला हवा. कंट्रोलरवर गेन नावाची सेटिंग असते, म्हणजे जास्तीत जास्त किती वीज सोडायची ती. मधल्या आकड्यापासून सुरू करा. ताशी २० ते २५ मैलांवर या, गाडीचा ब्रेक न लावता खटका पूर्ण दाबा. ट्रेलरने मागून स्पष्ट ओढलं पाहिजे. ओढ कमी वाटली तर गेन वाढवा, पुन्हा करा. ट्रेलरची चाकं आवळून घसरायला लागली की थोडं मागे या. चाकं घसरायच्या जरा अलीकडची जागा ही तुमची सेटिंग. दुसऱ्या कुणाला तरी बाहेर उभं करून चाकांकडे बघायला सांगा, आतून ते कळत नाही. जड ट्रेलरची चाकं कधी आवळतच नाहीत. तिथे ठाम, धक्का न देणारी ओढ मिळाली की थांबा.

मग नेहमीसारखं पेडल दाबून बघा. ट्रेलर मागून ढकलतोय असं वाटलं तर गेन कमी पडतोय. झटका बसून मागे खेचल्यासारखं वाटलं तर जास्त आहे. बूस्ट नावाची आणखी एक सेटिंग काही डब्यांत असते, तिच्यामुळे ट्रेलरचे ब्रेक सुरुवातीलाच जास्त जोराने धरतात. ट्रेलर गाडीपेक्षा जड असेल तरच ती लागते. पाऊस असेल, खडीचा रस्ता असेल किंवा रिकामा ट्रेलर परत आणत असाल, तर गेन कमी करा, नाहीतर चाकं लगेच आवळतात.

ट्रेलर कोरा असेल तर लायनर ड्रमला बसायला वेळ लागतो. ताशी ४० मैलांवरून २० पर्यंत, मध्ये ब्रेक गार व्हायला अवधी देत, वीस-पंचवीस वेळा ब्रेक लावा. त्यानंतर गेन पुन्हा तपासा, कारण तोवर पकड वाढलेली असते.

याच वेळी तुटीच्या ब्रेकची चाचणी घ्या. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर एक स्विच असतो, त्यातली पिन तारेने गाडीला बांधायची असते. हिचमधून ट्रेलर सुटलाच तर पिन ओढली जाते आणि ट्रेलरवरची बॅटरी ब्रेक लावते. नियमाप्रमाणे ते निदान १५ मिनिटं धरून ठेवता आले पाहिजेत. ही तार सुरक्षा-साखळ्यांना किंवा हिचच्या बॉलला अडकवू नका, गाडीच्या पक्क्या भागाला वेगळी बांधा. तपासताना आधी सात पिनांचा प्लग काढा, नाहीतर उलटी वीज कंट्रोलरमध्ये शिरून तो बिघडू शकतो. पिन ओढा आणि प्रत्येक चाकाजवळ कान द्या. चुंबकाचा बारीक आवाज ऐकू आला पाहिजे. एखादं चाक गप्प असेल तर त्याच्याकडे जाणारी वायर बघा. पिन लगेच परत लावा, बॅटरी उतरते.

उतारावर

कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलात की साधारण ११,१५८ फुटांवरून ७ टक्क्यांचा लांब उतार लागतो. असा उतार फक्त ब्रेकवर उतरू नका. ड्रम तापले की लायनर धरत नाहीत, आणि त्या वेळी कंट्रोलर कितीही वीज सोडो, उपयोग नाही. घाटात जुने ड्रायव्हर सांगतात तेच इथे लागू आहे: ज्या गिअरने चढला असतात त्याच गिअरने उतरा. गाडीत ओढण्यासाठी दिलेला टो-हॉल मोड चालू करा, इंजिनाला गाडी धरू द्या, आणि ब्रेक मधूनमधून ठामपणे लावून सोडा. पाय पेडलवर नुसता ठेवून बसू नका.

ऑस्ट्रेलियातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं आहे. तिथे ७५० किलोपर्यंत ट्रेलरला ब्रेक लागत नाहीत, त्यापुढे २,००० किलोपर्यंत निदान एका आसावर लागतात, आणि २,००० किलोंच्या वर सगळ्या चाकांवर ब्रेक आणि तुटीचा ब्रेकही सक्तीचा आहे. गेनची रीत तीच.

काही महिन्यांनी असं जाणवेल की आधीच्या गेनवर ट्रेलर पुरेसा धरत नाही आणि आकडा वाढवावा लागतोय. कंट्रोलर बदलायला निघू नका. लायनर झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात. नव्या ट्रेलरचे ब्रेक पहिल्या २०० मैलांनंतर आणि पुढे दर ३,००० मैलांनी आवळावे लागतात, आणि त्या वेळी चुंबक किती झिजलाय तेही मेकॅनिककडून बघून घ्यावं. शिवाय दर सहलीला निघताना, गल्लीतून बाहेर पडायच्या आधी, ताशी दहा-पंधरा मैलांवर एकदा खटका दाबा. ट्रेलरने ओढलं तर पुढे जा. नाही ओढलं तर तिथेच थांबून सात पिनांचा प्लग काढा, पिना पुसा, नीट बसवा आणि पुन्हा दाबून बघा.